चाकांची सवय आणि पात्याची पन्हळ

स्केटच्या पात्याला धार लावण्याचे काम दुकानदाराच्या आणि त्याच्या यंत्राच्या अखत्यारीतले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि जन्मापासून बर्फावरच वाढलेला कॅनडातील खेळाडू त्या कामात फारसा हस्तक्षेप करीतही नाही, कारण लहानपणी वडिलांनी जो आकडा सांगितला तोच तो चाळिशी उलटेपर्यंत दुकानात सांगत राहतो आणि त्याच्या पायांनी त्या आकड्याशी केव्हाच तह केलेला असतो. खरा पेच पडतो तो निराळ्याच माणसाला. एका रांगेतील चार चाकांच्या इनलाइन स्केटवर जो काही वर्षे हॉकी खेळला आहे, वेग, वळण आणि काठीवरचा ताबा या बाबतीत जो नवखा उरलेला नाही, तो प्रथम बर्फावर उतरतो आणि अर्ध्या तासातच त्याच्या ध्यानी येते की आपले पाय आपल्या हुकमात नाहीत. त्याची कैफियत दुहेरी असते: सरळ जाताना पाय निसटतो आणि थांबू जावे तर तोच पाय अडकतो. एकच पाते एकाच संध्याकाळी निसटते आणि अडकते हे ऐकणाऱ्याला विसंगत वाटते, आणि दुकानातला माणूस बहुधा त्यांपैकी एकच तक्रार मनावर घेऊन तिच्यावर इलाज करतो, म्हणजे दुसरी तक्रार वाढवून ठेवतो. वास्तविक या दोन्ही तक्रारी खऱ्या असतात. फक्त त्या दोन निराळ्या दप्तरांत दाखल करावयाच्या असतात.

चाकाचे स्केट हे बर्फावरच्या स्केटचे मुखत्यार म्हणूनच जन्माला आले, त्यामुळे चाकांवर शिकलेले बर्फावर जसेच्या तसे चालेल हा गैरसमज साहजिक आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये जोसेफ मर्लिन नावाच्या बेल्जियन यंत्रकाराने चाके लावलेले जोडे घालून, हातात व्हायोलिन घेऊन एका मेजवानीत प्रवेश केला आणि थांबण्याची कला अवगत नसल्यामुळे तो एका मौल्यवान आरशावर जाऊन आदळला, अशी आख्यायिका आहे. थांबण्याचा प्रश्न तेव्हापासूनचाच म्हणावयाचा. पुढे १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन याने दोन पुढे आणि दोन मागे अशी चाके असलेले, झुकले की वळणारे स्केट तयार केले आणि एका रांगेतील चाकांना शतकभर बाजारातून जवळजवळ बेदखल केले. त्यांना परत आणले ते मिनेसोटा राज्यातील स्कॉट आणि ब्रेनन ऑल्सन या हॉकीपटू भावांनी, १९८० च्या सुमारास. आणि त्यांचा हेतू अगदी मर्यादित होता, तो असा की उन्हाळ्यात तळी वितळल्यावरही हॉकीचा सराव चालू राहावा. रोलरब्लेड हे त्यांच्या उद्योगाचे नाव पुढे त्या वस्तूचेच नाव होऊन बसले. परंतु दहा-पंधरा वर्षांतच कॅलिफोर्नियासारख्या उष्ण प्रदेशांत अशी एक पिढी तयार झाली की तिने बर्फाचे तोंड पाहण्यापूर्वीच चाकांवर हॉकी आत्मसात केली होती. मुखत्याराशीच सारा व्यवहार केलेल्या या पिढीची मूळ मालकाशी पहिली भेट पुढे कधीतरी झाली, आणि प्रस्तुत प्रकरणाचा प्रश्न त्या भेटीतून उद्भवला.

विळीच्या पात्याला एक धार असते आणि ती जितकी तीक्ष्ण तितकी विळी चांगली. हा न्याय स्केटला लावू गेल्यास पहिल्याच पावलाला फसगत होते. हॉकीच्या स्केटचे पाते तळाशी सुमारे ३ मिलिमीटर रुंद असते, आणि त्या रुंदीच्या मधोमध, टाचेपासून चवड्यापर्यंत, एक अत्यंत उथळ पन्हळ कोरलेली असते. पन्हळीच्या दोन्ही बाजूंना ज्या दोन कडा उरतात, एक पायाच्या आतल्या अंगाची आणि एक बाहेरल्या अंगाची, त्यांच्यावर सारा खेळ चालतो. ही पन्हळ म्हणजे एका वर्तुळाचा अल्पसा तुकडा असून त्या वर्तुळाची त्रिज्या हाच दुकानात सांगावयाचा आकडा. तो इंचाच्या अष्टमांशांत सांगतात. आपल्याकडचे सुतार आणि गवंडी इंचाच्या आठव्या हिश्शाला सूत म्हणतात, तेव्हा येथेही तेच माप वापरणे सोयीचे. तीन सूत त्रिज्येची पन्हळ खोल, आठ सुताची, म्हणजे पूर्ण इंचाची, फार उथळ. आकडा वाढला की खोली घटते, हा उलटा हिशेब नवख्याने पहिल्या दिवशीच मनाशी पक्का करावा, कारण काउंटरवर होणारे निम्मे घोटाळे येथेच होतात.

ही खोली किती, हे भूमितीने काढता येते. ३ मिलिमीटर रुंदीच्या पात्यावर तीन सुताची पन्हळ मध्यभागी सुमारे ०.१२ मिलिमीटर खोल भरते, चार सुताची ०.०९, पाच सुताची ०.०७, सहा सुताची ०.०६ आणि आठ सुताची अवघी ०.०४. चार आणि पाच सुतांमधला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शातले दोन हिस्से, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीचा सुमारे पाचवा भाग झाला. एवढ्याशा फरकाने धडधाकट माणसाच्या पायाला काय कळणार, अशी शंका घेणे स्वाभाविक आहे. पण कळते, आणि ते खोलीमुळे जितके कळते तितकेच कडेच्या कोनामुळेही कळते. चार सुतांच्या पन्हळीत कडेचा कोन सुमारे ८३ अंशांचा होतो, आठ सुतांच्या पन्हळीत तो ८६ अंशांच्या पुढे जाऊन काटकोनाला भिडू पाहतो. चिंचोळी कड बर्फात अधिक रुतते, रुतल्यामुळे आडवी पकड अधिक देते, आणि त्याच कारणाने पुढे सरकताना किंचित अधिक अडवते. पकड आणि घसर यांचा हा तहनामा आहे. एका पक्षाला जे द्यावे ते दुसऱ्याच्या वाट्यातून जाते.

तथापि या व्यवहारातील दोन्ही बाजू समान वजनाच्या नाहीत. स्केटच्या दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून पाते घसरते, हे जॉन जोली याने १८८६ मध्ये मांडलेले स्पष्टीकरण अजूनही शाळेच्या पुस्तकांत आढळते. परंतु त्या दाबाने गोठणबिंदू फारच थोडा उतरतो, आणि १९३९ मध्ये बाउडेन आणि ह्यूज यांनी दाखवून दिले की घर्षणाच्या उष्णतेचा वाटा याहून मोठा आहे. कारण काहीही असो, पोलाद आणि बर्फ यांतले घर्षण इतके अल्प आहे की चालू स्केटला होणारा विरोध शरीराच्या वजनाच्या हजारात चार-सहा भागांइतकाच भरतो. पन्हळ सुताने खोल केली म्हणून चार पावलांत घामाघूम होण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. पन्हळीच्या खोलीचा खरा अंमल चालतो तो आडव्या दिशेने: रेटा देताना, वळताना, आणि सर्वांत अधिक थांबताना.

आता चाकांवर घडलेला पाय काय शिकून येतो ते पाहू. चाक पॉलियुरेथेनचे असते. दालनातील गुळगुळीत फरशीसाठी मऊ आणि बाहेरच्या डांबरासाठी कठीण, अशा प्रती निवडून घेता येतात. म्हणजे पकड ही पदार्थाच्या गुणातून येते, पैसे देऊन विकत मिळते. चाकाचा छेद गोलसर असल्यामुळे पाय पाच अंश झुकला काय किंवा पंचवीस अंश झुकला काय, जमिनीशी स्पर्श अखंड राहतो आणि एका अवस्थेतून दुसरीत जाताना मध्ये कोठे उंबरा लागत नाही. पात्याला मात्र उंबरा आहे. पाय ताठ असता दोन्ही कडा बर्फावर टेकलेल्या असतात आणि कोणतीच नीट रुतलेली नसते. पाय जरा कलला की एक कड सुटते आणि दुसरी सारा भार घेते. चाकांचा खेळाडू वळणात निर्धास्त झुकतो, तेव्हा तेथे त्याला बर्फ परका वाटत नाही. परंतु सरळ जाताना तो ताठ पायावर रेंगाळतो, कारण चाकांवर तसे रेंगाळणे फुकट असते, आणि बर्फावर तेवढ्याच क्षणी त्याचा पाय दोन कडांच्या मध्ये पोरका होतो. ही झाली निसटण्याची तक्रार. तिच्यावर पन्हळ खोल करणे हा उपाय नव्हे. वजन एका कडेवर सोपवण्याची सवय हाच उपाय आहे, आणि ती थोड्याच दिवसांत लागते.

अडकण्याची तक्रार अधिक गंभीर आणि अधिक धोक्याची आहे. चाकांवरच्या हॉकीत पुष्कळ खेळाडू थांबत नाहीतच. ते आखूड गिरकी घेऊन वेग जिरवतात किंवा एक पाय मागे आडवा ओढतात. जे थांबतात तेही चाके आडवी घालून, जोराने कलून, टाचेवर भार देऊन, कारण मऊ चाक फरशी सहजासहजी सोडीत नाही. त्याला जबरदस्तीने घसरवावे लागते. बर्फावर थांबणे ही नेमकी उलटी क्रिया आहे. दोन्ही पाती प्रवासाच्या दिशेला आडवी आणून प्रथम ती हलकेच बर्फ तासतील एवढाच भार द्यावयाचा, आणि तासणे सुरू झाल्यावर मग गुडघे वाकवून दाब वाढवीत न्यायचा. चाकांचा खेळाडू पहिल्याच क्षणाला सारा जोर लावतो. खोल पन्हळीची चिंचोळी कड त्या जोराने तासण्याऐवजी रुतते, पाय जागच्या जागी बांधला जातो आणि धड मात्र आपल्या वेगाने पुढे निघून जाते. ज्यांचे पाते नुसते थडथडते ते सुदैवी. बाकीचे कठड्याच्या लाकडाशी परिचय करून घेतात.

यावरून माझे मत असे बनले आहे की चाकांवरून आलेल्या मध्यम बांध्याच्या प्रौढ खेळाडूने पहिला हंगाम पाच सुतांवर काढावा. दुकानातला शिरस्ता बहुधा चार सुतांचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा, असतो. विचारले नाही तर तोच मिळतो, आणि तो वाईट आहे असे नाही. याच्या उलट मत असलेलेही जाणते लोक आहेत. त्यांचे म्हणणे असे की चाकांच्या खेळाडूला भरपूर पकडीची सवय असते, तेव्हा ती प्रथम मिळू द्यावी, धीर येऊ द्यावा, आणि मग पन्हळ उथळ करीत जावी. त्या युक्तिवादात तथ्य आहे, पण धीर थांबता येण्यातून येतो. ज्याला थांबण्याची खात्री नाही तो वेगच घेत नाही, आणि वेग न घेणाऱ्याला कडांची ओळख होत नाही. उथळ पन्हळीवर वळणात एखादा पाय सुटतो, माणूस नितंबावर बसतो आणि उठतो. खोल पन्हळीवर गुडघा पिरगळतो. हिशेब एवढाच आहे.

पाच सूत हा मात्र सर्वांना लागू पडणारा हुकूमनामा नव्हे. वजनदार माणसाचे पाते आपोआप अधिक रुतते, त्याने सहा सुतांपर्यंत जाण्यास हरकत नाही. सडपातळ माणसाला आणि मुलाला चार किंवा त्याहून खोल पन्हळ लागते, नाही तर कड बर्फाला ओरखडतच नाही. बर्फाचेही ऐकावे लागते. व्यावसायिक हॉकीच्या मैदानावर तो सामान्यतः उणे चार ते उणे सहा अंशांच्या आसपास राखलेला, कठीण आणि ठिसूळ असतो. व्यापारी संकुलातल्या, सकाळपासून रात्रीपर्यंत गजबजलेल्या मैदानावर तोच नरम आणि ओलसर होतो. कठीण बर्फाला खोल पन्हळ, नरम बर्फाला उथळ, असा ढोबळ नियम आहे. तळ सपाट ठेवून दोन्ही कडांशी किंचित उंची देण्याचा एक प्रकार ब्लॅकस्टोन नावाच्या कॅनेडियन कंपनीने रूढ केला असून त्याचे भक्त पुष्कळ आहेत; पहिल्या हंगामात त्याच्या वाटेला जाऊ नये एवढेच मी म्हणेन, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलली तर काय बदलले ते कळते.

आणि बदलण्याजोगी दुसरी गोष्ट आहेच, जिचे खापर पन्हळीवर नित्य फुटते. पाते बाजूने पाहिले असता ते सरळ नसून त्याला होडीच्या तळासारखा लांबीचा बाक असतो, आणि हा बाकही एका वर्तुळाचाच अंश आहे, फक्त ते वर्तुळ ९, १० किंवा ११ फूट त्रिज्येचे असते. दहा फुटांच्या बाकाचे पाते बर्फात मिलिमीटरचा दहावा भाग रुतले असे धरले तर बर्फाला टेकणारी लांबी सुमारे ५ सेंटिमीटर भरते. उलटपक्षी ८० मिलिमीटरच्या चार चाकांच्या सांगाड्यात पहिल्या आणि शेवटच्या आसामधले अंतर सुमारे २४ सेंटिमीटर असते, आणि सपाट फरशीवर चारही चाके टेकतात. जो पाय वीतभर लांबीच्या पायथ्यावर उभा राहण्यास सरावला तो एकाएकी तीन बोटांच्या पायथ्यावर आला, तर पुढे-मागे डोलणार नाही तर काय करील? या डोलण्याला खेळाडू घसरणे म्हणतो आणि धार पुन्हा लावून मागतो. सूत तीन करा नाही तर आठ करा, डोलणे थांबत नाही, कारण पन्हळ आडव्या दिशेची कारभारीण आहे आणि हा मामला लांबीच्या दिशेचा आहे. पहिले काही आठवडे गुडघे वाकलेले ठेवून बाकाशी जुळवून घ्यावे; तरीही जमले नाही तर ११ किंवा १३ फुटांचा सपाटसर बाक करवून घेता येतो, मात्र बाक बदलताना पात्याचे पोलाद बरेच खर्ची पडते आणि ते परत येत नाही.

धार लावण्याची क्रिया एकदा जवळ उभे राहून पाहावी. वेगाने फिरणाऱ्या सहाणेच्या चाकाची कड आधी घासून गोल करून घेतात. एका दांड्याच्या टोकाशी बसवलेली हिरकणी कंसाकार फिरवून ती चाकावर नेतात, आणि दांड्याचे माप जितक्या सुतांवर लावले असेल तितक्या त्रिज्येचा उंचवटा चाकाला येतो. मग स्केट आडवे करून, पाते पकडीत आवळून, ते चाकाच्या कडेला टेकवीत टाचेपासून चवड्यापर्यंत एकसारख्या गतीने ओढतात. ठिणग्यांची धार अखंड असेल तर हात स्थिर आहे असे समजावे. शेवटचा हात अगदी हलका, तेलाचा किंवा मेणाचा पुसट लेप देऊन. यानंतर कडांवर धातूचा जो केसासारखा बारीक ओठ उठलेला असतो तो पात्याच्या बाजूंवरून बारीक दगड फिरवून काढून टाकतात. हे काम राहिले तर पहिली दहा मिनिटे पाते विलक्षण धरते आणि मग तो ओठ मोडून पडताच एकदम सोडते.

खातरजमेची रीत सोपी आहे. स्केट उलटे धरून पात्याच्या तळावर एक नाणे आडवे ठेवावे आणि एका टोकाकडून निरखावे. नाणे पात्याशी काटकोनात असेल तर दोन्ही कडा समान उंचीच्या आहेत, एका बाजूला कलले तर एक कड उंच राहिली आहे. असे कललेले पाते हे चाकांवरून आलेल्या माणसाला सर्वांत अधिक छळते, कारण त्याचा डावा वळसा उत्तम येतो, उजव्यात पाय सुटतो, आणि चाकांवर असा पंक्तिप्रपंच त्याने कधी अनुभवलेला नसल्यामुळे दोष तो स्वतःच्या पायाला देतो. म्हणून आधी नाणे, मग सूत. नवे कोरे स्केट असेल तर त्याहीपूर्वी विचारावे की याला धार लावली आहे काय. कारखान्यातून पाते बहुधा खेळण्याजोगी धार न लावताच येते, आणि तसल्या पात्यावर जगातला कोणताही खेळाडू निसटेल.

चाकांची आणखी एक सवय अशी की ती पायात असताना माणूस कोठेही जातो: वाहनतळावरून, जिन्यावरून, चहाच्या टपरीपर्यंत. बर्फाचे स्केट घालून सिमेंटवर टाकलेली चार पावले कडांची वाताहत करण्यास पुरेशी होतात, आणि मग पाच सूत की चार सूत ही चर्चाच निरर्थक ठरते. मैदानाच्या भोवती रबराचे पट्टे अंथरलेले असतात ते याचसाठी. त्यांच्यापलीकडे जावयाचे तर पात्यावर म्यान चढवावे, आणि खेळ संपल्यावर पाते कोरडे पुसून म्यानातून बाहेर ठेवावे, कारण ओल्या म्यानात ते एका रात्रीत गंजते. झिजलेले चाक डोळ्यांना दिसते, बोथट कड दिसत नाही. कडेवरून नख आडवे ओढले असता नखाची भुकटी निघाली नाही तर धार गेली असे समजावे. सर्वसाधारणपणे आठ-दहा तासांच्या खेळानंतर ती वेळ येते. बोथट झालेल्या चार सुतांची तुलना ताज्या पाच सुतांशी करून निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. तो निष्कर्ष कोठल्याच कामाचा नसतो.

आपल्या देशात हा प्रश्न अधिक ठळक होतो. शिमल्याचे नैसर्गिक मैदान १९२० पासूनचे, आणि लेहच्या कारझू तळ्यावर हिवाळ्यात हॉकी रंगते. परंतु सपाटीवरच्या राज्यांत, महाराष्ट्र त्यात आलाच, स्केटिंग शिकणारे मूल चाकांवरच शिकते, आणि बर्फाच्या स्पर्धेला निघाले तरच त्याला पाते दिसते. लेहचा बर्फ सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या रात्रींनी गोठवलेला, दगडासारखा. यंत्राने राखलेल्या नरम मैदानावर पाच सुतांनी बरे चाललेले पाते तेथे ओरखडाही काढीत नाही असे होऊ शकते. अशा प्रवासाला निघणाऱ्या मुलाने चार सूत, अंगाने किरकोळ असल्यास साडेतीन सूत, लावून न्यावे; आणि बर्फावर घालवण्यास थोडेच दिवस मिळणार असल्यामुळे त्यातले पहिले दोन केवळ थांबण्यावर खर्च करावेत, मग गोल झाले नाहीत तरी चालेल.

पहिल्या हंगामानंतरचा फेरबदल सावकाशीने करावा. चार-पाच वेळा खेळून झाल्याशिवाय आकडा बदलू नये, आणि बदलावयाचा तो अर्ध्या सुताने; बहुतेक यंत्रांवर तशी सोय असते. दोन्ही बाजूंना थांबता येऊ लागले आणि वेगातल्या वळणात पाय सुटू लागला, म्हणजे पाचवरून साडेचारवर यावे, आणि पुढे गरज पडली तर चारवर. दोन दुकानांची चार सुते तंतोतंत एक निघतील असेही नाही, कारण हिरकणीच्या दांड्याचे माप माणसाच्याच हाताने लावलेले असते. शक्य तोवर एकच दुकान धरावे आणि तारीख व सूत एका कागदावर टिपून ठेवावे. जे हिवाळा बर्फावर आणि उन्हाळा चाकांवर काढतात त्यांनी शरद ऋतूत परतताना मार्चमधला आकडा तसाच मागू नये. पाच-सहा महिन्यांत पाय पुन्हा चाकांचे झालेले असतात, पहिल्या थांबण्यात सारा जोर लावण्याची खोड परत आलेली असते. तेव्हा अर्धे सूत उथळ लावून घ्यावे आणि तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे बहुधा दुसऱ्यांदा धार लावण्याची वेळ येईल तेव्हा, जुन्या आकड्यावर यावे.